चांदीचे पाय परत कर, ताई

तीर्थस्वरूप काल्लिओपीताईस,

धाकट्या फ्रोसोचा नमस्कार. वाकून केलेला नाही, कारण सध्या मला वाकता येत नाही. तुझी शुगर कशी आहे? अथेन्सच्या उन्हात दुपारची बाहेर पडत नाहीस ना? इकडे सगळे खुशाल. तुझी नात मिर्सिनी तर परवापर्यंत इतकी खुशाल होती की शिट्टी घेऊन माझ्या मागे लागायची.

तुझ्या कानावर आलंच असेल (शेजारची मारिगो बातमी पोटात ठेवेल तर शपथ), तरी माझ्याकडून ऐक. मी नोव्हेंबरात तुमच्या अथेन्सची मॅरेथॉन धावणार आहे. या वयात, मासळीचं दुकान सांभाळून. त्यासाठी गावाने पैसे द्यायचे आणि त्यातून आपल्या किनाऱ्यावर थेट पाण्यात उतरणारा रॅम्प बांधायचा, म्हणजे मिर्सिनी चाकाच्या खुर्चीसकट आपली आपण समुद्रात जाईल. सध्या तुझा लेक स्त्रातिस तिला पाठुंगळी नेऊन पाण्यात सोडतो. एकदा सोडली की गावातल्या सगळ्या पोरांना मागे टाकते, आणि मग होडीवर गेलेला बाप परत येईपर्यंत काठाच्या पाण्यात कुडकुडत बसते. सतरा वर्षांची मुलगी, ताई! मला ते बघवत नाही.

पण आपल्या गावात सराव करणं म्हणजे शिक्षा आहे. बाईमाणूस पळतंय म्हणजे घराला आग लागली असणार, नाहीतर बोट सुटत असणार. पहिल्या दिवशी लांब्रोस कॉफीवाला बादली घेऊन माझ्या मागे आला. आता दारोदारी अडवून चमचाभर चेरीचा मुरंबा भरवतात. नको म्हटलं की जन्माचं वैर. वर दृष्ट लागू नये म्हणून थू थू थू करतात (आणि पळत्या माणसावर ते नेमकं कुठे पडेल याचा नेम नाही). सराव सुरू केल्यापासून माझं वजन वाढलंय. मिर्सिनी खुर्चीवरून शिट्टी फुंकत ओरडायची, "फ्रोसोआजी, अगं गोगलगाय पुढे गेली बघ!"

खरा घोटाळा दोन आठवड्यांपूर्वी रविवारी झाला. चढावरच्या चर्चपाशी मारिगोच्या शेळीची दोरी पायात आली आणि मी दोन्ही गुडघ्यांवर, हात पसरून, ऐन दारासमोर आपटले. नेमकी तेव्हाच प्रार्थना संपून अख्खं गाव बाहेर पडलं. मी पुटपुटत होते ते त्या शेळीला उद्देशून होतं, पण ते ऐकायला कोण थांबतंय? उठता येईना म्हणून पायरीपर्यंत रांगत गेले. झालं! फ्रोसोने पनागिया मरियामातेला नवस केलाय, पोरगी चालू लागावी म्हणून गुडघ्यांवर आलीय! बायका हुंदके देऊ लागल्या, पुरुषांनी टोप्या काढल्या. पापा-निकोदिमोस मिर्सिनीच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना म्हणायला लागले. ती म्हणाली, "पाद्रीबाबा, मी चालायला लागले तर आधी कुठे जाईन? समुद्रावरच ना? मग आत्ताच जाऊ द्या की!"

पाद्रीबाबांनी हात काढून घेतला, पण बायका कसल्या ऐकतात! रॅम्पसाठी कबूल केलेले पैसे त्यांनी नवस फेडायला म्हणून तुझ्याकडे पाठवले, आणि तू (मुख्याध्यापकाशी भांडून या पोरीला तळमजल्यावरचा वर्ग मिळवून देणारी तू!) त्यातून पनागियामातेला वाहायला चांदीचे पाय घडवलेस. हे कळल्यापासून मिर्सिनी माझ्याशी धड बोललेली नाही. काल एवढंच म्हणाली, "म्हणजे अथेन्सच्या आजीलासुद्धा मी अशी नकोच आहे."

आता नीट ऐक. मी कसलाही नवस केलेला नाही. आमची पोरगी आहे तशी मला हवी आहे, आणि तिला समुद्र हवा आहे. पनागियामातेकडे चांदीच्या पायांचा ढीग पडलाय. या बेटावर रॅम्प मात्र एक नाही. तू मोठी आहेस, रागावशील, बोलणं टाकशील. खुशाल टाक! मी धावणार. पाय थकले तर चालेन, चालवलं नाही तर रांगेन, आणि वाटेत कुणी नवसाची मेणबत्ती हातात दिली तर केळं समजून खाईन.

भाचवंडांना पापे. तुला मात्र पाय परत केल्यावर.

तुझी न ऐकणारी,
फ्रोसो

ता. क. सोनार तुझ्या ओळखीतला आहे, पाय परत घेईल. पैसे थेट स्त्रातिसकडे पाठव, मारिगोमार्फत नको.

ता. क. दुसरा. सोनाराकडे जाण्याआधी त्यातला डावा पाय पनागियामातेसमोर नुसता धर आणि हळूच माझं नाव घे. वाहू नकोस, फक्त दाखव. गुडघा टम्म सुजलाय. (हा नवस नव्हे, चौकशी आहे.)

ता. क. तिसरा. पत्र मिर्सिनीने वाचलं. म्हणाली की आणखी एक ओळ घाल. रॅम्प झाला की पहिल्या दिवशी तिला बाबा नको, मीही नको. तिला तुझ्याबरोबर पोहायचंय. अंघोळीचे नव्हे, पोहायचे कपडे घेऊन ये. आणि मागे पडलीस तर ती थांबणार नाही म्हणे.