तुमच्या धाकटीशिवाय पाहिलेलं शहर

ती. अक्का यांना,

तुमच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा, म्हणजे माझा, नमस्कार. पत्राच्या सुरुवातीला ‘इकडे सर्व ठीक’ असं लिहायची पद्धत आहे. पण इकडची निम्मी माणसं सध्या तुमच्याकडे आहेत, तेव्हा निम्मंच ठीक आहे असं समजावं. तुमचे गुडघे कसे आहेत? जिना चढताना आधी चांगला पाय टाकावा, उतरताना आधी दुखरा (हे मी स्वतः वाचून, स्वतःच्या जिन्यावर पडताळलेलं आहे). साडूसाहेबांचा खोकला गेला असेल तर आनंद आहे. गेला नसेल तर ते अजून गच्चीवर जाऊन ओढतात. पण हे माझ्याकडून कळलं असं म्हणू नये.

धाकटीने तिची बाजू सांगितली असेलच, माझीही असू द्या. शहर पाहायला आम्ही दोघं जाणार होतो. त्यासाठी मी रद्दीतून त्या शहराची माहिती देणारं एक जाडजूड पुस्तक आणलं, पाठ केलं, आणि निघायच्या आदल्या संध्याकाळी तिला सहज दोन-चार गोष्टी विचारून पाहिल्या. घंटाघर कोणत्या दगडाचं, नदीवर पूल किती, असलंच साधं. तर म्हणाली, “तुमच्याबरोबर फिरायला जाणं म्हणजे परीक्षेला बसणं. तुम्हीच जा, पहिले या, आणि पेढे वाटा.” आणि भरलेली बॅग उचलून तुमच्याकडे निघून आली. मीही म्हटलं, जातो. शाळा सुटल्यापासून (मी सोडली नाही, ती सुटली, फरक आहे) घड्याळं, रेडिओ, पंखे सगळं एकट्याने शिकलेला माणूस मी, एक शहर एकट्याने पाहायला काय लागतं?

तर पहिली गोष्ट म्हणजे पुस्तक अचूक आहे, शहर चुकलेलं आहे. स्टेशनसमोरून ट्राम सुटते असं त्यात स्वच्छ छापलंय. मी स्टेशनसमोर उभा राहिलो. ऊन डोक्यावर आलं तेव्हा शेजारची फुलवाली म्हणाली, “कुणाची वाट बघताय, दादा?” ट्रामची, म्हटलं. ती हसली नाही (हे तिच्या बाजूने सांगायलाच हवं). “माझ्या आईचं लग्न व्हायच्या आधीच बंद झाली ती. पण बसा हवं तर, सावली आहे.” मी पुस्तकात पेन्सिलीने दुरुस्ती केली आणि पायी निघालो. धाकटी असती तर गाडीतून उतरल्या उतरल्या तिने कुणालातरी विचारलं असतं. तिला पुस्तकांपेक्षा फुलवाल्या जास्त भरवशाच्या वाटतात. आजपुरतं मी त्यावर काही बोलत नाही.

संग्रहालयात एक उंच लंबकाचं घड्याळ होतं. माझ्याच धंद्यातली वस्तू, त्यामुळे दाते, चाकं, किल्ली सगळं मी मुळापासून समजावून सांगितलं. कुणाला? तर डावीकडे. ती नेहमी माझ्या डावीकडे उभी राहते, म्हणजे तिचा उजवा कान माझ्याकडे येतो, आणि नेमकं त्याच कानाने तिला कमी ऐकू येतं (हा योगायोग आहे असं तिचं म्हणणं). पण मधूनमधून ती ‘हं’ म्हणते. या खेपेला ‘हं’ काही येईना, म्हणून वळून पाहिलं, तर तिथे पहारेकरी आणि त्याच्यामागे एक अख्खी सहल. “हा माणूस तिकिटातच आहे का हो?” एका आजींनी पहारेकऱ्याला विचारलं. पुढच्या सगळ्या दालनांतून ती मंडळी माझ्यामागे फिरली, शेवटी टाळ्याही वाजवल्या. पण अक्का, टाळ्यांना त्या ‘हं’ची सर नाही.

मग जुन्या पुस्तकांच्या दुकानात शिरलो. मालकीणबाईंनी पुस्तकं उंचीप्रमाणे लावली होती, सरळ रांगेत, त्यामुळे शेतीची आणि भुतांची शेजारीशेजारी. मी एक फळी विषयवार लावून दिली. “काका, पगार काय घ्याल?” असं त्या म्हणाल्या, त्यात टोमणा असावा. पुढे एक कादंबरी हाताला लागली, आणि सवयीने मी ती न बघताच मागे धरली: “बघ गं, शेवट कसा आहे.” (धाकटी आधी शेवटचं पान वाचते, ती बरं म्हणाली तरच मी पुस्तक घेतो. शेवट वाईट असेल तर मला झोप येत नाही, हे तुमच्यापाशीच राहू द्या.) पुस्तक हातातून घेतलं गेलं. वळलो तर मालकीणबाई चष्मा चढवून वाचत होत्या. “शेवट बरा आहे,” म्हणाल्या, “पण नवरा फार उशिरा येतो तिला न्यायला.”

“किती उशिरा?”

“चाळीस पानं आधी आला असता तर पुस्तक स्वस्तात पडलं असतं तुम्हाला.”

मी पैसे देऊन बाहेर पडलो. घंटाघर राहिलं. पूलही राहिले. एकूण प्रवास उत्तम झाला, कशाचीही उणीव भासली नाही, असं धाकटीला सांगावं.

तुमच्या गुडघ्यांची काळजी करणारा,
धाकटा मेहुणा

ता. क. – वरचं शेवटचं वाक्य तिला सांगू नये.

ता. क. २ – पाकिटावर तिकीट नाही हे तुमच्या लक्षात आलं असेल. घरची बस सोडून मी तुमच्या गावची धरली. हे पत्र दाराखालून सरकवतो आहे आणि तुमच्याच पायरीवर बसलो आहे. तिला विचारा, ते शहर पुन्हा बघायला येशील का? कुणाला दाखवल्याशिवाय मला काही पाहिल्यासारखं वाटत नाही. प्रश्न विचारणार नाही. एखादा विचारलाच, तर उत्तर मीच देईन. नाही म्हणाली, तर मी तुमचं गाव पाहायला आलो होतो असं समजावं (पुस्तकात तुमच्या गावाचा उल्लेख नाही, तरीही).

ता. क. ३ – तुमच्या बेलच्या बटणातली वायर निसटली होती. जोडली. बेल वाजते की नाही ते तपासलेलं नाही, कारण त्यासाठी ती दाबावी लागेल.