शेगडी उजवीकडे

प्रिय दादा,

तू म्हणालास, स्वयंपाकघर एकदम नको, जमेल तसं बदलू. तसंच केलं. आधी नळ, मग मांडणी. मागच्या आठवड्यात शेगडी डावीकडून उजवीकडे घेतली, तेव्हापासून आईने दोनदा हात भाजून घेतला. "सवय नाही गं," म्हणाली. मीही मान डोलावली.

आज गवंडी जुन्या टाइल्स फोडून गेला. उघड्या भिंतीसमोर उभी राहून आई म्हणाली, "निळा रंग किती खुलतोय!"

दादा, निळ्या टाइल्स अजून खोक्यातच आहेत.

तिला दिसत नाहीये; इतके दिवस ती नुसत्या सवयीवर वावरत होती. तुला कळवलं तर तू तिची शेगडीच बंद करशील, म्हणून हे पाठवणार नाही. आत्ता ती तेल तापवतेय. हाक मारायचीही भीती वाटते, दचकली तर?

दारातच बसलेली,
तुझी धाकटी