गाडीवरचे दोन लाल पट्टे

१४ एप्रिल २०२५, सोमवार. सकाळी ८
गोडाऊनवाल्यांनी नवीन वर्षाला दिलेली डायरी कोरी पडली होती. आजपासून लिहिणार. रोज.
पहिला निर्णय: गाडीवरचे पट्टे काढून टाकायचे. पांढऱ्या गाडीवर बॉनेटपासून डिकीपर्यंत दोन लाल रेडियम पट्टे. आता लाल कसले, खोकल्याच्या औषधासारखे गुलाबी झालेत. कडांना भेगा. दिशानं लावले होते, ती सतरा वर्षांची असताना.
१८ मेला भावेशचं लग्न. माझ्या धाकट्या भावाचा, दामूचा मुलगा. मांडव आमच्याच अंगणात. दिशालाही पत्रिका जाणार. चार वर्षांनी माझी मुलगी या अंगणात येईल, तेव्हा तिला गाडी कोरी दिसली पाहिजे. रागाने नाही. राग मी कधीच सोडला. घरात तिचं नाव काढायचं नाही एवढा एक नियम आहे, तोही सगळ्यांच्या सोयीसाठी.
काम एका सकाळचं. व्हिडिओ पाहिला. हातात ३४ दिवस.

१५ एप्रिल. दुपारी ३
व्हिडिओत म्हटलंय, आधी ऊन द्या. दिलं. मानकोलीच्या उन्हात बॉनेटवर पापड भाजता येईल. कोपऱ्यात नख घातलं. वाटाण्याएवढा तुकडा निघाला. नखही निघालं.
बायकोने, हौसाने बोटाला हळद लावली. विचारलं, "चार वर्सं गाडीकडं बघितलं न्हाय, आज काय झालं?" मेंटेनन्स, असं सांगितलं. बायकांना मेंटेनन्स कळत नाही.

१७ एप्रिल
बोट दुखतंय. रजा.

२० एप्रिल, रविवार. सकाळी ११
हीट गन पाहिजे. नाही तर हेअर ड्रायर चालतो. तो दिशाच्या कपाटात. फक्त ड्रायरसाठी कपाट उघडलं. पाऊण तास लागला, कारण ड्रायर सापडत नव्हता. वरच्याच कप्प्यात होता.
हौसा सकाळच्या एसटीने गणेशपुरीला गेली. गुडघ्यांसाठी गरम पाण्याच्या कुंडावर जाते, दर पंधरा दिवसांनी. गुडघ्यात फरक दिसत नाही, पण येते तेव्हा चेहरा चांगला असतो. पाण्यात गुण असणार.

२३ एप्रिल. संध्याकाळी ५
यश! ड्रायर, साबणपाणी आणि जुनं एटीएम कार्ड वापरून बॉनेट, टप, डिकी सगळं साफ. दोन दिवस लागले. पाठ धरली.
एक बारीक अडचण. उन्हाने बाकीची गाडी पिवळट झालीय आणि पट्ट्यांखाली मूळचा पांढरा रंग तसाच आहे. त्यामुळे आता दोन पांढरे पट्टे दिसतात. आधीच्यापेक्षा ठळक.
हौसा गाडीकडे बराच वेळ बघत राहिली.

२५ एप्रिल
निजामपुऱ्यात शमीमभाईंच्या रेडियमच्या दुकानात गेलो. आत शिरायलाच जागा नाही, बाजूच्या पॉवरलूमचा खडखडाट, सगळं ओरडून बोलावं लागतं. पॉलिशने डाग जाईल का, विचारलं. म्हणाले, "चचा, ये दाग नहीं है. ये असली कलर है. बाकी गाडी पे दाग है." पूर्ण गाडी रंगवा नाहीतर पट्टे परत लावा, एवढंच म्हणाले.
विचार करतो.

२७ एप्रिल, रविवार
विचार झाला. लाल पट्टे परत लावायचे. दिशाचा संबंध नाही. लग्नघरात गाडी बरी दिसावी म्हणून.
शमीमभाई म्हणाले, लावायला कारागीर पाठवतो, हे दोन माणसांचं काम आहे. नको म्हटलं. मला अनुभव आहे. तेव्हा दुसरं टोक मीच धरलं होतं. एक जण टोक धरतो, दुसरा पाणी मारत दाबत पुढे जातो. दिशा दाबत होती. डावा पट्टा काचेजवळ दोन बोटं वाकडा गेला. ती उपटून परत लावणार होती. मी म्हटलं, राहू दे, कोण बघतंय. पुढे गोडाऊनच्या मागच्या मैदानात गाडी शिकवली, तेव्हा रोज पहिल्यांदा तो वाकडा पट्टा बघून हसायची आणि मग स्टार्टर मारायची.
हे पट्ट्यांच्या मापासाठी आठवावं लागलं म्हणून लिहिलं.

३० एप्रिल. अक्षय्य तृतीया
मुहूर्त चांगला म्हणून काम सुरू केलं. एकट्याने. एक टोक चिकटवलं, दुसरं टोक धरायला गेलो तर पहिलं सुटलं. मग पट्टा पट्ट्यालाच चिकटला. मग बनियनला. बनियन कापून काढावं लागलं.
हौसा म्हणाली, "मी धरते." नको म्हटलं. गुडघे दुखतील.

२ मे
चार वर्षांपूर्वी काय झालं ते एकदाच लिहून ठेवतो, रेकॉर्डसाठी. दिशाने गोडाऊनवर टेम्पो चालवणाऱ्या कुमारशी रजिस्टर लग्न केलं आणि दोघं पेढे घेऊन घरी आले. मी पेढा घेतला नाही. गाडीची चावी परत मागितली. तिने चावी बॉनेटवर ठेवली आणि नाक्याकडे चालायला लागली. संपलं.
मी आवाज चढवला नव्हता. हौसा म्हणते चढवला होता, नाक्यापर्यंत गेला. वाऱ्याने गेला असेल.

५ मे, सोमवार. दुपारी १
दामू पत्रिका देऊन आला. मग अडखळत सांगायला लागला. दिशा-कुमार गणेशपुरीत राहतात. किराणा दुकान आहे. आणि वहिनी, म्हणजे आमची हौसा, दर पंधरा दिवसांनी तिथेच जाते.
मी म्हटलं, मला माहीत होतं.
जेवलो नाही. ऊन फार आहे.

५ मे. संध्याकाळी ७
दामूने दुपारी अजून एक गोष्ट सांगितली होती, ती लिहायची राहिली. दिशा म्हणाली, "काका, बाबांचा एक फोन आला तर येईन. पत्रिकेवर न्हाय येणार."
दामूने लूमवर वीस वर्षं काढली, त्याला ऐकायला कमी येतं. नक्की काय म्हणाली असेल सांगता येत नाही. शिवाय पत्रिकेवर निमंत्रक म्हणून माझं नाव पहिलं आहे. म्हणजे मीच बोलावलं.

८ मे
फोन करायला हरकत नाही. पण फोनवर काय दिसतं? पट्टे डोळ्यांना दिसतात. अंगणात पाऊल टाकताच तिला कळेल, बापाने काय केलंय ते. बोलावं लागणार नाही.
शमीमभाईंकडून नवा रोल आणला. म्हणाले, "चचा, किसके लिए इतनी मेहनत?" रिसेलसाठी, असं सांगितलं.

११ मे, रविवार. संध्याकाळी ६
लागले! दोन्ही पट्टे. शेवटी हौसाने दुसरं टोक धरलं, मी दाबलं. आम्ही दोघं इतका वेळ एका कामाला कधी उभे होतो, आठवत नाही. मधेच ती म्हणाली, "आता फोन पन करा." हो म्हटलं. पण आज रविवार, दुकानात गर्दी असणार. धंद्याच्या वेळी त्रास देऊ नये.

१३ मे
पट्टे फार सरळ आलेत. डावा उपटला. काचेजवळ दोन बोटं वाकडा करून लावला. वाकडं लावणं सरळपेक्षा अवघड, तीन वेळा करावं लागलं. आता बरोब्बर तसा.
फोन: नेटवर्क नव्हतं.

१५ मे
फोन उद्या नक्की. काय बोलायचं ते कागदावर लिहिलं. पहिलं वाक्य: "हॅलो, मी तुळशीराम." मग खोडलं. मुलीला नाव कोण सांगतं? "मी बाबा" लिहिलं. मग वाटलं, आवाजावरून ओळखेल.

१७ मे, शनिवार. हळद
सकाळपासून गाडी तीन वेळा हलवली. शेवटी मांडवाच्या तोंडाशी लावली, रस्त्यावरून पहिली तीच दिसेल अशी. लग्नाची गाणी म्हणणाऱ्या धवलारीण बाईने गाणं धरलं, बायका हळदीने पिवळ्या झाल्या. मी गाडीजवळ थांबलो. कुणी तरी लक्ष ठेवायला पाहिजे, पोरं हात लावतात.
फोन: एवढ्या बँडमध्ये काय ऐकू येणार.

१८ मे, रविवार. संध्याकाळी ६
लग्न झालं. जेवण चांगलं. दिशा आली नाही.
कारण सापडलं. सकाळी पाण्याचा टँकर आला आणि तो नेमका गाडीच्या पुढे उभा राहिला, दुपारी तीनपर्यंत. रस्त्यावरून गाडी दिसतच नव्हती. ती आली असेल, गाडी दिसली नाही म्हणून तशीच परत गेली असेल. टँकरवाल्याला झापलं. तो म्हणाला, तुमच्याच माणसाने उभा करायला सांगितला.
हौसाला टँकरचं सांगितलं. लग्नाच्या शालूतच पायरीवर बसली होती. म्हणाली, "अवो, ती निघालीच न्हाय घरातून. सकाळी साडी नेसून फोनजवळ बसली व्हती. तिनं एक फोन मागितला व्हता. पट्टे कुणी मागितले?"
मी गाडी पुसली.

१९ मे, सोमवार. सकाळी १०
माझ्या फोनमधला तिचा नंबर चार वर्षांपूर्वी मीच काढून टाकला होता. हौसाकडे मागितला. तिने पाठ सांगितला, चपातीवरून नजर न काढता. मग म्हणाली, "या टायमाला नेत्रा उचलते. तीन वर्सांची हाय. हळू बोला."
नेत्रा कोण, विचारलं. हौसाने तवा खाली उतरवला. मग मला कळलं.
गाडीत जाऊन बसलो. काचा वर केल्या. नंबर लावला. चार रिंग झाल्या.
बारीक आवाज आला, "हॅलो. आई दुकानात हाय. तुमी कोन?"
कागद घरात राहिला होता. तिने परत विचारलं, "कोन?"
मी म्हणालो, राँग नंबर.
ती "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला. अनोळखी माणसाशी जास्त बोलायचं नाही, असं शिकवलंय तिला. चांगलं शिकवलंय.