सरकी कोणती?

गुरुजी, आपणास साष्टांग दंडवत घालावे, तर ती चाल आपणच माझ्याकडून सोडवलीत; म्हणून हे पत्र ताठ मानेने आरंभितो. आपण प्रभूकडे गेल्याला बरीच वर्षे लोटली. दरम्यान या पामराचे केश पिकले, उदर विस्तारले आणि शब्दपांडित्याची व्याधी असाध्य झाली. तिचे मूळ आपणच. अकोल्याच्या मिशनशाळेत आपण विश्वासांगीकाराचे, म्हणजे पंथाच्या त्या श्रद्धा-कबुलीनाम्याचे, कलम अन् कलम माझ्याकडून घोकून घेतले. एक अव्यय चुकले तरी छडी. आमच्या पूर्वजांनी वेदही इतक्या निष्ठेने घोकले नसतील. अर्थात, जातीचे माळी असल्याने त्यांना तो अधिकारच नव्हता.

पुढे माझे बाळ बाप्तिस्म्यापूर्वीच गेले. मरणाऱ्या अर्भकांपैकी देवाने निवडलेली तेवढी तरतात, अशा अर्थाचे एक कलम त्या पाठांतरात होते. 'निवडलेली' या एका विशेषणापायी माझ्या घरची चूल पेटेना. आपण आलात, थेट स्वयंपाकघरात बसलात आणि माझ्या पत्नीस म्हणालात, "पोरी, लेकरू देवाजवळच हाय. आपलंच लेकरू तो कावून टाकीन?" मी ते कलम उच्चारताच माझ्यावर डाफरलात, "तू मास्तर होय का वकील बे? कापूस जिनात घातला का रुई घ्या लागते, सरकी सोडा लागते. 'सारतः मान्य' म्हन अन् मोकळा हो!" त्या दिवशी ती जेवली.

मग अमरावतीची सभा. पाळकपदाच्या दीक्षेपूर्वी माझी परीक्षा चालली आहे. अध्यक्षस्थानी एक विलायती मिशनरी साहेब, सभासदांत आपण. विचारतात, "विश्वासांगीकार मान्य आहे?" मी म्हणतो, "सारतः." साहेबांचे मराठी उत्तम, हेच माझे दुर्दैव. "सारतः? मग यातले असार कोणते?" मी ते विशेषण दाखवतो, आपला रुई-सरकीचा दृष्टान्त ऐकवतो, आणि ही शिकवण माझ्या गुरुजींची, असे छाती फुगवून सांगतो. सारी सभा आपल्याकडे वळते. आपण चष्मा पुसता.

"मी असे काही शिकवलेले नाही."

जन्मभर वऱ्हाडी बोललेल्या मुखातून ते वाक्य शुद्ध ग्रांथिक मराठीत आले! प्रभूच्या शिष्याने कोंबडा आरवण्यापूर्वी गुरूला तीनदा नाकारले होते. आपण मितव्ययी, शिष्याला एकदाच नाकारलेत. कोंबडाही आरवला नाही. सभेच्या भोजनासाठी तो आधीच कापला गेला होता.

दीक्षा हुकली, ते सोसले. पण मागच्या बाकावर बायकांत माझी पत्नी बसली होती. परतताना बडनेऱ्याच्या फलाटावर तिने एवढेच विचारले, "गुरुजी तवा खोटं बोलले, का आज?" मी व्याकरण, तर्क, धर्मशास्त्र, सारे धुंडाळत असतानाच गाडी अकोल्यास पोचली. तिने पुन्हा विचारले नाही. बाळाचे नावही पुन्हा घेतले नाही. याबद्दल मी आपणास क्षमा केलेली नाही, सारतःसुद्धा नाही.

आता आपण तिथे आहात. आमचे बाळ तिथे दिसले का, एवढेच विचारायचे होते. मेलेल्यांना टपाल पोचत नाही म्हणून हे पत्र ठेवून देतो आहे, असे समजू नये. पोचते असे उद्या कळले, तरी मी ते टाकणार नाही. उत्तर येईल, याची मला भीती वाटते.