गोलकोंडा कंपनीची मर्मस्थानं

३ नोव्हेंबर १९४०, सकाळी
गोलकोंडा टेलिफोन कंपनी सेलूत तार ओढणार म्हणे. ही बातमी मला आमच्या मेहुण्याकडून, भुजंगकडून कळावी, हा पहिला अपमान. भाऊबीजेला आला होता. जेवता जेवता म्हणाला, दाजी, आता मुंबईचा भाव डबा बोलणार हाय म्हणं, तुमचं कसं व्हायचं? मी म्हणालो, डबा बोलतो, माणूस सांगतो. फरक आहे. त्यानं आणखी एक पोळी घेतली.

एकोणीस वर्षं झाली. रोज दहाच्या सुमारास कापसाच्या भावाची तार येते, इंग्रजीत. मी बाजारातल्या ओट्यावर चढतो, चष्मा पुसतो आणि भाव सांगतो. तेव्हा कुठं सौदे सुरू होतात. ते काम आता डबा करणार!

संकल्प: रागवायचं नाही. कंपनीचा सर्व बाजूंनी अभ्यास करून तिची मर्मस्थानं शोधायची आणि अहवाल थेट हैदराबादला मॅनेजरकडे धाडायचा. वाचून कंपनी गारठली पाहिजे. मुदत आठ दिवस.

४ नोव्हेंबर
अहवालाचा मथळा लिहिला. अक्षर सुरेख आलं. दमलो.

८ नोव्हेंबर
पहिलं सदर: कंपनीची बलस्थानं. अर्धं पान कोरं सोडलं. मॅनेजरनं काय ते समजावं.

फोनसाठी अर्ज केला तो कापूस घेणाऱ्या बन्सीधर शेठनी! माझ्या खांद्यावरचं उपरणं त्यांचंच. दर दिवाळीला देतात, माझ्या आवाजावर खूश होऊन. आता हेही लिहून ठेवतो, इथं कोण वाचतंय. तारेतला आकडा फार चढा असला तर मी तो जरा खाली आणून सांगतो. कास्तकाराच्या हाती एकदम पैसा पडला की तो बहकतो. त्याला सबुरी शिकवणारं कुणी पाहिजे. त्यामुळे शेठजींना कापूस स्वस्त पडतो, हा निव्वळ योगायोग. भुजंगलाही मी वेगळा भाव सांगत नाही. न्याय म्हणजे न्याय. गेल्या साली कापसाच्या भावापायी त्याच्या लेकीचं, हेमाचं लग्न लांबलं, शेवटी सोयरीकच मोडली, तेव्हा सबुरीच्या चार गोष्टी मीच त्याला सांगितल्या.

शेठजींना जाब विचारला. म्हणाले, राव, तार दहाला येते, फोन आठला येईल, बाकीचे खरीददार तोंड धुईपर्यंत आपण मोकळे. तुमचं काय, तुम्ही तर आमचेच. हे बोलताना दात कोरत होते.

१५ नोव्हेंबर
मुदत टळली. कारण थंडी. शिवाय शाई पातळ.

मर्मस्थानं मात्र एकाहून एक सापडली. पहिलं खांब. माळावर एकटा उभा. शेळ्या पाठ घासणार, कुणीही बैल बांधणार. दुसरं फार खोल आहे. सेलूत सौदा होतो रुमालाखाली, बोटं दाबून. शेजारच्याला पत्ता लागत नाही. टेलिफोनला बोटं नाहीत! त्यात बोंबलावं लागतं. मग शेठजींच्या पेढीवर यंत्र बसवून गुपित राहणार कसं? पेढीवर यंत्र म्हणजे शुद्ध मूर्खपणा, असं दोनदा अधोरेखित केलं. कंपनीची माणसं एक तर उर्दू बोलणार नाहीतर इंग्रजी. कास्तकाराला दोन्ही सारखीच. आणि शेवटचा घाव: बोलणाऱ्याचं तोंड दिसत नाही. बाजार चालतो तोंडाच्या भरवशावर. माझ्यासारखं तोंड कंपनी कुठून आणणार?

बायकोला, म्हणजे अनसूयेला, वाचून दाखवलं. ती ज्वारी निवडत होती. म्हणाली, आवो, तुमी त्यास्नी भ्या दाखवायलाव का शिकवायलाव? बायकांना पॉलिसी कळत नाही.

२० नोव्हेंबर
रजिस्टर पोस्टानं अहवाल रवाना. शेवटी लिहिलं की माझ्या एकोणीस वर्षांच्या सेवेचा पुरावा घरी आहे, कधीही येऊन पाहावा. आहेच. सगळ्या तारा पेटीत आहेत. अनसूयेनं सालवार गठ्ठे बांधून ठेवलेत.

९ डिसेंबर
मॅनेजरचं उत्तर! आपले सर्व मुद्दे अत्यंत मोलाचे, कंपनी आपली ऋणी आहे, त्वरित अंमल करीत आहोत. भाषा इतकी गोड, म्हणजे चांगलेच हादरलेत. अंमल म्हणजे माघारच. अनसूयेला शिरा करायला सांगितला. तूप नाही म्हणाली.

१६ डिसेंबर
खांब आले. प्रत्येकाला कमरेइतकी काटेरी तार गुंडाळलेली. शेळ्या लांबूनच बघतात. योगायोग.

२३ डिसेंबर
यंत्र शेठजींच्या पेढीवर बसवलं नाही. ओट्यावर बसवलं. माझ्या ओट्यावर. मी उभा राहतो ती फरशी उखडून!

त्यावर कंपनीनं व्यंकटराव नावाचा इसम नेमलाय. परभणीचा. मराठी बोलतो. तोंड गोल, हसरं. येणाऱ्याजाणाऱ्याला राम राम घालतो. मला चहा पाजून म्हणाला, काका, सगळा प्लॅन तुमचाच की! साखर कमी होती.

शेठजी समोरून गेले. मला पाहून चाल वाढवली.

१ जानेवारी १९४१
उद्घाटन. मॅनेजर खुद्द आला. दिनकररावांनी (म्हणजे मी) वाट दाखवली म्हणून हे यंत्र सर्वांसाठी खुलं झालं, असं भाषण केलं. मला हार घातला. टाळ्या. थोडं बरं वाटलं, नाकारत नाही.

मग व्यंकटरावानं यंत्र कानाला लावलं. नेमकी तेव्हाच माझी तारही आली. सवयीनं चष्मा पुसला. तो ओरडला, दोनशे दहा! मी ओरडलो, दोनशे! एकाच वेळी. दोघांचेही आवाज खणखणीत.

भुजंग पुढेच उभा होता. हळूच म्हणाला, दाजी, वरचे धा कुटं सांडले? मी म्हणालो, मुंबईची काहीतरी चूक होते आहे. कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं. मी शेठजींकडे पाहिलं. ते आभाळाकडे पाहत होते. आभाळात काही नव्हतं.

तार खिशात कोंबली. हार काढायचा राहिला, तसाच घरी आलो.

५ जानेवारी
ओट्यावर गेलो नाही. घसा. शेठजींचा निरोप: उद्यापासून तार आणण्याची तसदी घेऊ नये.

संकल्प: दुसरा अहवाल. विषय, कंपनीचा कृतघ्नपणा. मथळा लिहिला. अक्षर बिघडलं.

१४ जानेवारी, संक्रांत
अनसूयेनं तिळगूळ दिला नाही. पेटीतून १९३९ सालचा गठ्ठा काढून त्यातली एक तार पाटावर ठेवली. हेमाची सोयरीक मोडली त्या आठवड्यातली. इंग्रजी महिने आणि आकडे तिला मीच शिकवलेत, लग्नाच्या पहिल्या वर्षी, आगगाडीच्या वेळा कळाव्यात म्हणून.

म्हणाली, वाचा.

घसा बसलाय म्हणालो. म्हणाली, वट्यावर वाचत हुता तसं नगा वाचू. तारंत हाय तसं वाचा.

दारात भुजंग उभा होता. मागं हेमा. केव्हा आले कळलं नाही. भुजंगनं आज दाजी म्हणून हाक मारली नाही.

चष्मा पुसला. बराच वेळ पुसला. मग वाचली, आहे तशी.

आवाज डब्यातून आल्यासारखा आला.