हात पुढे कर

हॅरो, गुरुवार

प्रिय पऱ्या,

मनगटाची सूज उतरली का? हाड मोडलं नसावं, कारण मोडलं असतं तर जाताना त्याच हाताने गाडीचं दार तेवढ्या जोरात आपटता आलं नसतं तुला. दर राखीपौर्णिमेला ज्या मनगटावर राखी बांधते, त्याच मनगटावर गेल्या शनिवारी मी लाटणं घातलं. लोक भावाला ओवाळतात, मी झोडपलं. माफी मागायला हे पत्र लिहितेय असं वाटत असेल तर इथेच थांब आणि चहा करून घे, कारण माफी पुढे कुठेही नाही. फोन तू उचलत नाहीस आणि मेसेज अर्धा वाचून भलताच अर्थ काढतोस, म्हणून हा कागद. एक अट मात्र आहे. पत्र मनातल्या मनात वाचायचं नाही. टेबलापाशी बस, घरात कुणी नाहीच आहे, आणि मोठ्याने वाच. मी पोटापाण्यासाठी लोकांच्या मुलांचं वाचन ऐकते. मनात वाचताना माणूस नको ते गाळतो. मोठ्याने वाचताना गाळलं, तर निदान स्वतःच्या कानाला कळतं.

आधी बातमी. कुश बरा आहे. खालचा ओठ आतून फाटला होता, टाके घालावे लागले नाहीत, आणि कालपासून वरणात लिंबू चालतंय त्याला. स्वातीही इथेच आहे. झोपते जास्त, बोलते कमी. दोघं ब्रिस्टलला परत येणार की नाही, हे आता तुझ्यावर आहे. त्याबद्दलच लिहायचंय, पण पहिल्यापासून लिहिते, कारण तू मधूनच आलास आणि मधूनच निघून गेलास.

हाफ-टर्मची सुट्टी लागली आणि दोघं माझ्याकडे आली, तेव्हा तुझे फोनवर फोन चालले होते. ‘ताई, तू एक्स्पर्ट आहेस ना, जरा टाइट कर त्याला. जूनमध्ये फोनिक्सचा चेक आहे आणि हा अजून अडखळतोय. इट्स एम्बॅरसिंग!’ सहा वर्षांच्या मुलाने बाईंसमोर बसून मूठभर शब्द मोठ्याने वाचायचे, एवढीच ती चाचणी. नापास झालं तर पुढच्या वर्षी पुन्हा. पण तुझा आवाज असा, जणू पोराच्या चुकीने तुमच्या कंपनीचं विमान पडणार आहे. मी म्हटलं, आधी ऐकते तरी.

माझी पद्धत तुला एकदा सांगितली होती, तेव्हा तू जांभई दिली होतीस. आता ऐक. मूल वाचतं, मी शेजारी बसते. बरोबर शब्दाला टिक. चुकला तर त्याने जे म्हटलं ते जसंच्या तसं लिहून ठेवायचं, कारण कुठून शिकवायचं ते मला त्या चुकीतूनच कळतं. हाउसचं हॉर्स केलं, तर मूल पहिलं आणि शेवटचं अक्षर बघून उडी मारतंय, म्हणजे उद्या मधल्या अक्षरांवर काम. चुकल्यावर मूल आपणहून मागे आलं आणि सुधारलं, तर त्याला वेगळी खूण. ती खूण मला टिकपेक्षा लाडकी आहे, कारण तिथे मूल स्वतःचं ऐकू लागलेलं असतं. आणि या सगळ्यात बाईंनी काय करायचं? गप्प बसायचं. भुवईसुद्धा हलवायची नाही. माझ्यासारख्या तोंडाळ बाईला हे जमायला बरीच वर्षं लागली, अजूनही जीभ दाताखाली धरावी लागते.

कुशच्या वाचनात मला एकही चूक लिहायला मिळाली नाही. सोपे शब्द खणखणीत, आणि अवघड शब्द आला की बाळ गप्प. अंदाज नाही, चित्राकडे बघणं नाही, ओठसुद्धा हलत नव्हते. पुस्तकावरून नजर न काढता त्याने डावा हात टेबलावर ठेवला. तळवा उताणा, बोटं घट्ट जुळवलेली. मला वाटलं खाऊ मागतोय. मग आठवलं, त्याच्या शाळेतल्या बाईंनी रिपोर्टात लिहिलं होतं, की कुश शब्दाला अडला की हात पुढे करून हाय-फाइव्ह मागतो, फार गोड मुलगा आहे. आणि त्या बिचारीने वर्षभर प्रत्येक अडलेल्या शब्दाला त्याच्या हातावर टाळी दिली. सुरुवातीला दचकायचा, आता हसतो, असंही लिहिलंय. तिचा काय दोष? इथल्या शाळांतून छडी गेली तेव्हा ती जन्मलीही नसेल. पुढे केलेला हात बघून तिला टाळीच सुचणार. मला मात्र त्याचा अंगठा दिसला. आत दुमडलेला, बोटांच्या मुळाशी चिकटवून ठेवलेला. अंगठा आत घेतला की अंगठ्याचं हाड वाचतं. हे ज्याने मार खाल्लाय त्यालाच ठाऊक असतं, आणि पऱ्या, मला ते तूच शिकवलं होतंस, नागपूरच्या घरी, अण्णा हातपाय धुऊन यायच्या आत, घाईघाईने.

मी कुशचा हात हातात घ्यायला गेले तर तो म्हणाला, ‘नॉट धिस वन, आत्या. ही हात अजून दुखते.’ आणि दुसरा पुढे केला. एरवी तो माझी पुस्तक आणि माझा गाडी म्हणतो, आणि मी चिडवून चिडवून सुधारते. त्या दिवशी सुधारलं नाही. उठून बाथरूममध्ये गेले, नळ सोडला आणि टॉवेल तोंडात कोंबून ओरडले. तू तिथे असतास तर लाटण्यावर भागलं नसतं.

कशाने मारतात, हे मी त्याला विचारलं नाही. तसं विचारायचं नसतं, शाळेत आम्हाला शिकवतात. त्यानेच सांगितलं, पोळी खाताना, अगदी सहज. ‘आजोबांचं रूलर.’ अण्णा गेले तेव्हा त्यांच्या सामानातून तू घड्याळ घेतलं नाहीस, पेन घेतलं नाहीस, फक्त ती स्टीलची फूटपट्टी मागितलीस. मला वाटलं, आठवण म्हणून. मी आईला म्हटलंसुद्धा, बघ, पऱ्याने अण्णांना माफ केलं. आणि तू ती बॅगेतून इंग्लंडला आणलीस, लोणच्याच्या बरण्यांबरोबर.

ती पट्टी काय करते ते तुला माझ्याकडून ऐकायची गरज नाही, तरी वाच, मोठ्याने. तू तिसरीत होतास. अण्णा स्पेलिंग घेत होते. तू घोकून ठेवलं होतंस तसंच म्हणालास, वेड-नेस-डे. सगळी पोरं तसंच पाठ करायची. मग अण्णांनी शब्द म्हणायला सांगितला, तर घाबरून तोंडातून तेच निघालं. ‘वेड लागलंय का तुला?’ म्हणाले, ‘हात पुढे कर.’ पट्टी आडवी नव्हती धरली, उभी धरली होती, धारेवर. करंगळीचा आवाज मी स्वयंपाकघरात ऐकला. आई गॅस बंद करायला विसरली आणि दूध उतू गेलं. त्यावर अण्णांनी तिलाही एक ठेवून दिली, दूध सांडलं म्हणून. करंगळीला फळी बांधून तू दुसऱ्या दिवशी शाळेत गेलास, आणि तिथे विचारलं तर दारात सापडली म्हणालास. ती करंगळी अजून सरळ होत नाही. चहाचा कप धरतोस तेव्हा एखाद्या साहेबासारखी बाहेर राहते, आणि तुझे मित्र त्यावर हसतात, आणि तूही हसतोस. मला कधी हसू आलं नाही.

कुशला मी पुस्तक बंद करून स्वयंपाकघरात नेलं. विचार केला, या पोराला अक्षरं येतात, जोडताही येतात. त्याला शिकवायचंय ते एकच, की चुकल्यानंतर काहीही होत नाही. म्हणून त्याच्या दोन्ही हातांत कणकेचा गोळा दिला. मळत बस आणि वाच. हात पुढे करायचा तर कणीक खाली ठेवावी लागणार. पहिल्या दिवशी चार वेळा ठेवली त्याने. मी पोळ्या लाटत राहिले, काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी हाउसला हॉर्स म्हणाला, थांबला, बोटं कणकेत रुतली, आणि मग स्वतःच म्हणाला, ‘नो. हाउस.’ पऱ्या, मी पोळी तव्यावर करपू दिली. स्वाती धावत आली, काय झालं म्हणून. तुझा मुलगा स्वतःचं ऐकू लागला होता, दुसरं काय!

शनिवारी तू त्यांना न्यायला आलास तेव्हा आम्ही तेच करत होतो. शाळेने सरावाला दिलेला कागद ओट्यावर होता. त्यात मुद्दाम खोटे शब्द असतात, ज्यांना अर्थच नाही, आणि शेजारी परग्रहावरच्या प्राण्याचं चित्र असतं. मूल पाठ केलेलं म्हणतंय, की समोरची अक्षरं वाचतंय, ते त्यावरून कळतं. कुशने वाचलं, ‘ब्रिड.’ आणि तू मागून, बूटसुद्धा न काढता, ‘बर्ड! बर्ड आहे ते, गाढवा! हाउ मेनी टाइम्स!’ आणि डोक्यात मागून अशी ठेवून दिलीस, की त्याचं तोंड ओट्याच्या कडेवर आपटलं. कणकेवर रक्त पडलं. तू ते पाहिलंस की नाही, मला माहीत नाही. पुढचं तरी पाहायला हवं होतंस. पोरगं रडलं नाही. त्याने कणीक खाली ठेवली, हात चड्डीला पुसला आणि पुढे केला. अंगठा आत घेऊन.

तेव्हा मी तुला मारलं. भान सुटून नाही, नीट नेम धरून मारलं, आणि दुसऱ्यांदाही उगारलं होतं. तू खुर्चीला लाथ मारलीस, मागच्या दाराची काच फुटली, आणि मग स्वाती, जी लग्नापासून तुझ्या आवाजाला भिंतीला टेकून उभी राहते, ती कुशच्या पुढे येऊन म्हणाली, ‘चावी घे आणि जा, परीक्षित.’ तू गेलास. काच मी अजून बसवलेली नाही, पुठ्ठा लावलाय.

आता तो कागद आठव. त्यावर बर्ड नव्हतं. बी, आर, आय, डी. ब्रिडच होतं. त्याने बरोबर वाचलं होतं. चुकीचं तू वाचलंस, विमानांच्या पंखांचे आराखडे काढणारा माणूस तू. अक्षरं समोर असून तू ती पाहिलीच नाहीस, पाठ होतं तेच तोंडातून आलं. आणि हातातूनही. अण्णांचा आवाज, अण्णांचा हात, ते ‘गाढवा’सुद्धा त्यांचंच. मला तुझा एवढा राग आलाय की हे लिहिताना पेनाने कागद फाटतोय, आणि तरी त्या करंगळीवाल्या पोराची आठवण पाठ सोडत नाही. तो मला हवा आहे. त्याने मला अंगठा आत घ्यायला शिकवलं होतं.

म्हणून हे पत्र. सोमवारी मी माझ्या शाळेत मुलांच्या सुरक्षिततेचं काम बघणाऱ्या बाईंना सगळं सांगितलं, आणि मग स्वतः ब्रिस्टलच्या कौन्सिलला फोन केला. तुझं नाव मी दिलं. दुसऱ्या कुणी नाही, शेजाऱ्यांनी नाही, स्वातीने नाही, मी, तुझ्या ताईने. लाटण्याचंही सांगितलं, लपवलं नाही. माझीही चौकशी होईल, नोकरीचं जे व्हायचं ते होवो. इथे येऊन एक बाई कुशशी बोलून गेल्या, आणि तुझ्याकडे त्यांचं माणूस येत्या बुधवारी येणार आहे. हो, वेडनेसडेलाच. फोन तुला येईलच, पण माझ्याकडून आधी कळावं असं वाटलं. पट्टी लपवू नकोस, टेबलावर ठेव. आणि त्यांच्यासमोर म्हणायला मी एक वाक्य लिहून देतेय, सोपं आहे, एकही खोटा शब्द नाही. आत्ताच म्हणून बघ, मोठ्याने: ‘मी माझ्या मुलाला मारतो, आणि मला ते थांबवायचंय.’ अडखळशील. अडखळ. मागे ये, पुन्हा म्हण. मी शेजारी असते तर गप्प बसून ऐकलं असतं, आणि तू जिथे थांबलास तिथे नुसती खूण केली असती. हात पुढे करू नकोस, पऱ्या. कुणी मारणार नाही.

अजूनही तुझीच,
ऋजुताताई