वन्संच्या तंबोऱ्याची व्यवस्था

॥ श्री ॥

काल स्पीडपोस्टाने आले: वन्संची स्मरणिका, नग एक. देणगीमूल्य रुपये पाचशे, ते मी भरावे अशी भाच्याची चिठ्ठी. म्हणून आज हे लिहायला बसले.

मी नीला रघुनाथ मोघे, वय ७९, मॅट्रिक, राहणार ठाकुर्ली. बुद्धी ठिकाणावर आहे, कोणाचा दाब नाही. हे माझे शेवटचे मृत्युपत्र.

१. राहते घर व ठेवी मुलगी अंतरा हिला. देव्हाऱ्यातला बाळकृष्णही तिलाच. लोणी परवडले नाही तर साखर ठेवावी, पण खाडा करू नये.

२. तंबोरा. नणंद सगुणा आठल्ये यांनी अखेरच्या आजारात तो मला दिला. नाट्यसंगीतातले त्यांचे नाव मी सांगायला नको. माइकशिवाय वरचा सा शेवटच्या रांगेपर्यंत जाई, आणि तो लागला की त्या पदर सारखा करीत, जसे काही केलेच नाही. साठीनंतर गळा थकला, तेव्हा मागे साथीला बसलेली मी न बोलता तंबोरा अर्धा सूर उतरवून लावी. त्या एकदा वळून बघत, बस.

त्यांचा मुलगा आनंद दिवाळीत घोडबंदर रोडहून गाडी घेऊन आला. "मामी, तंबोरा दे ना. आईच्या दालनात काचेत ठेवू, वर लायटिंग."

"आणि वाजवणार कोण?"

"वाजवायचाय कशाला? लोक फोटो काढतील."

विचार करते म्हटले. आता स्मरणिकेत जुना फोटो छापलाय, त्यातून मला कापले आहे. तारांवरचा माझा हात कापता आला नाही, तेवढा राहिला. खाली लिहिलेय, 'सगुणाबाई आणि त्यांचा तंबोरा'. विचार झाला.

तंबोरा मोहन्याच्या संचिता भोईर हिला द्यावा. ती वन्संची शेवटची शिष्या. पुण्यतिथीला आनंदने तिला खुर्च्या मांडायला लावले, गायला बसवले नाही. तिने रोज सुरात लावून गावे. काचेत ठेवल्यास अंतराने काढून घ्यावा.

३. आनंद यास तंबोऱ्याची गवसणी, म्हणजे वरची कापडी खोळ. रिकामी. धुऊन इस्त्री केली आहे. काचेत ठेवावी, वर लायटिंग करावे.

४. माझ्या दहाव्याला आनंदने येऊ नये. तो घाटावर असेल तर कावळा शिवायचा नाही, आणि बाकीच्यांचा उगाच खोळंबा.

सही: नीला र. मोघे
ठाकुर्ली, १८ नोव्हेंबर २०२४

साक्षीदार: मितेश गाला, शेजारी
रखमाबाई पवार, पोळ्यांच्या बाई

ता.क. मी गेल्यावर हे वाचले तर आनंदचे तोंड मला कसे दिसणार? म्हणून एक प्रत त्याला आजच साध्या टपालाने टाकते आहे. पाचशे जोडलेले नाहीत. आनंद, मिळाल्याचे उलट टपाली कळव. माझी तब्येत उत्तम आहे.